वाचकांचे प्रश्न : जॉर्जियाची द्राक्षं, क्वेव्री आणि अंबरी वाईन

जॉर्जियाच्या पूर्वेकडच्या काखेती प्रांतात पांढऱ्या द्राक्षांचा रस साली, बिया आणि देठांसकट जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात आंबवतात. या रांजणाला क्वेव्री म्हणतात आणि त्यातून निघणारी वाईन मधासारख्या रंगाची, म्हणजे अंबरी असते. या पद्धतीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : जॉर्जियात आठ हजार वर्षांपासून वाईन होते, असं सगळीकडे छापून येतं. इतकी वर्षं वाईन टिकणं तर शक्य नाही. मग हे ठरवलं कशावरून?

वाईन टिकली नाही, पण ती ज्या भांड्यांत होती त्यांच्या मातीत मुरली. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा ही नवाश्मयुगीन वस्त्यांची टेकाडं आहेत. तिथल्या खापरांत टार्टरिक आम्लाचे अंश सापडले, सोबत मॅलिक, सक्सिनिक आणि सायट्रिक आम्लंही होती. या खापरांचा काळ इ.स.पू. ६००० ते ५८०० असा येतो. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. यात महत्त्वाचं टार्टरिक आम्ल, कारण त्या भागात ते एवढ्या प्रमाणात देणारं फळ म्हणजे द्राक्षच.

यातून भांड्यात द्राक्षाचा रस होता एवढं सिद्ध होतं. त्याची वाईन झाली होती हा पुढचा तर्क. तो भक्कम आहे, कारण ठेचलेल्या द्राक्षांचा रस ऊबदार हवेत दोन-चार दिवसांत आपोआप आंबायला लागतो, त्याला कुणी काही करावं लागत नाही. मात्र ती भांडी म्हणजे आजची क्वेव्री नव्हे. गळ्यापर्यंत पुरायचा, निमुळत्या बुडाचा मोठा रांजण नंतरच्या काळातला आहे. ‘आठ हजार वर्षांची क्वेव्री’ असं लिहिणारे या दोन गोष्टींची गल्लत करतात. युनेस्कोने २०१३ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली ती क्वेव्रीत वाईन करण्याची पारंपरिक पद्धत.

प्रश्न : क्वेव्री आणि अँफोरा एकच का? आणि मातीचं भांडं पाझरत कसं नाही?

एकच नाहीत. अँफोरा म्हणजे दोन कानांचं, उचलून नेण्याचं भांडं. क्वेव्रीला कान नसतात. ती एकदा पुरली की जमिनीच्या पातळीवर फक्त तोंड दिसतं आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते. ज्या खोलीत किंवा पडवीत अशा क्वेव्री पुरलेल्या असतात ती मरानी.

मोठी क्वेव्री चाकावर होत नाही. मातीच्या जाड वळ्या हाताने एकावर एक चढवतात. खालचा थर वरचं वजन पेलण्याइतका सुकलेला हवा आणि नव्या वळीशी सांधा धरण्याइतका ओलाही हवा. म्हणून दिवसाला थोडीच उंची वाढते आणि कुंभार एका वेळी बऱ्याच क्वेव्री हाताशी धरतो. भिंत तीन-चार सेंटिमीटर जाड असते. काही आठवडे सावलीत सुकल्यावर लाकडाच्या भट्टीत साधारण आठवडाभर भाजणं चालतं आणि आच शेवटी हजार अंशांच्या आसपास नेतात. आच घाईने वाढवली तर भिंतीत उरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तडा जातो. कच्ची राहिलेली क्वेव्री ठोकली की बद्द वाजते, पक्की खणखणते. विकत घेणारा आधी बोटांची पेरं आपटून पाहतो. काखेतीतलं वार्दिसुबानी आणि पश्चिमेकडच्या इमेरेती प्रांतातलं माकातुबानी ही या कामाची नावाजलेली गावं. कारागीर घराणी आता मोजकीच उरली आहेत.

पाझरण्याचं उत्तर मेणात आहे. भाजलेली क्वेव्री निवत असताना, भिंत चांगली गरम असतानाच, आतून मधमाशांचं मेण फिरवतात. ते वितळून छिद्रांत शिरतं. थंड भिंतीवर लावलं तर वरच्यावर पापुद्रा बसतो, तो पुढे सुटतो आणि त्याच्या आड जिवाणू घर करतात. मेणाचा जाड थर दिला म्हणजे काम चांगलं झालं, असं समजू नका. मेण छिद्रं भरण्यापुरतंच हवं. बाहेरून चुना-वाळूचा लेप असतो.

पुरण्याची कारणं दोन. जमिनीखाली तापमान वर्षभर साधारण १३ ते १५ अंश राहतं. शिवाय भरलेल्या रांजणाचा भार भोवतालची माती पेलते, नाहीतर मोठी क्वेव्री भरल्यावर उकलण्याची भीती असते. निमुळतं बूडही शोभेचं नाही. बिया आणि मेलेलं यीस्ट तळाच्या अरुंद जागेत साचतं, त्यावर सालींचा थर बसतो, आणि बियांचा कडवट तुरटपणा वरच्या वाईनला कमी लागतो.

प्रश्न : काखेतीच्या पद्धतीत नेमकं काय, किती आणि कधी करतात? समजा, १,००० लिटरची एकच क्वेव्री आहे.

१,००० लिटरच्या क्वेव्रीत द्राक्षांचा ठेचा ८०० लिटरपेक्षा जास्त घालत नाहीत. उरलेला पाचवा हिस्सा फेसासाठी आणि वर चढणाऱ्या सालींसाठी मोकळा ठेवतात. याला ८५० किलोच्या आसपास द्राक्षं लागतात. गाळ आणि चोथा जाऊन शेवटी हाती येते ती साडेपाचशे-सहाशे लिटर वाईन.

काढणीला र्त्वेली म्हणतात आणि ती काखेतीत सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. मुख्य पांढरी जात र्कात्सितेली. रसात साखर २२ ते २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) झाली की तोडतात. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं, त्या हिशेबाने वाईन साडेबारा-तेरा टक्क्यांच्या पुढेमागे येते. काढणीच्या दिवशी नुसती साखर मोजून भागत नाही, देठही पाहावा लागतो. तो हिरवा, लवचीक असेल तर सगळे देठ आत घालायचे नाहीत. तपकिरी होऊन काडीसारखा मोडत असेल तरच तो वाईनला आधार देतो. हिरव्या देठाची कडू, पालेदार चव पुढे सहा महिन्यांत जात नाही, उलट वाढते.

द्राक्षं सात्स्नाखेलीत, म्हणजे अखंड ओंडका कोरून केलेल्या लांबट कुंडात, पायांनी तुडवतात. मोठ्या कारखान्यांत हे काम यंत्रावर होतं. पायाखाली बी फुटत नाही, आणि यंत्राचे रूळ जवळ आणले तर फुटतं, एवढाच फरक लक्षात ठेवण्याजोगा. रस क्वेव्रीत जातो, मागोमाग चाचा, म्हणजे साली, बिया आणि देठ. वेगळं यीस्ट घालत नाहीत. सालींवरचं आणि मरानीतलं यीस्ट दोन ते चार दिवसांत काम सुरू करतं.

आता खरी मेहनत. कार्बन डायऑक्साइडच्या जोराने साली वर येऊन घट्ट टोप धरतात. तो लाकडी दांड्याने दिवसातून तीन ते पाच वेळा खाली दाबतात, जोरात असताना रात्रीसुद्धा. दाबला नाही तर टोप वरून कोरडा होतो, त्यावर व्हिनेगरचे जिवाणू बसतात आणि टोपाखाली उष्णता कोंडते. तापमान तिशी ओलांडून पस्तिशीकडे गेलं की यीस्ट थकतं, साखर शिल्लक राहते आणि आंबणं अर्धवट थांबतं. म्हणूनच फार मोठी क्वेव्री हाताळणं लहानीपेक्षा अवघड.

आंबणं साधारण दहा ते वीस दिवस चालतं. संपत आल्याची खूण म्हणजे टोप हलका पडतो आणि दाबला की परत वर यायला वेळ लावतो. साली खाली बसल्या की दुसऱ्या भांड्यातल्या तशाच वाईनने क्वेव्री काठोकाठ भरायची. हे न चुकता करायचं. मॅलिक आम्लाचं लॅक्टिकमध्ये रूपांतर होऊन बुडबुडे थांबेपर्यंत झाकण सैल ठेवतात, मग दगडाचं किंवा लाकडाचं झाकण ओल्या मातीने लिंपून घेतात. माती वाळून भेगाळू नये म्हणून तिच्यावर ओली वाळू ठेवतात. वाईन चाचावर पाच-सहा महिने राहते आणि वसंतात उघडतात. वरची स्वच्छ वाईन दुसऱ्या धुतलेल्या क्वेव्रीत काढतात, उरलेल्या चाचाची भट्टी लावून दारू गाळतात. तिचंही नाव चाचाच.

प्रश्न : एका समारंभात अंबरी वाईन चाखली. नेलपॉलिशसारखा वास आणि घशाला आंबट चटका. ‘ही मातीच्या रांजणाची अस्सल चव आहे’ असं सांगण्यात आलं. खरं का?

नाही. तो दोष आहे आणि त्याला परंपरेचं नाव देऊन विकलं जातं. नेलपॉलिशचा वास एथिल ॲसिटेटचा, चटका ॲसिटिक आम्लाचा. दोन्ही होतात हवा लागल्यामुळे. हिवाळ्यात वाईन थंड होऊन आकसते, थोडी भिंतीतून झिरपते, आणि झाकणाखाली चार बोटं पोकळी तयार होते. ती वेळेवर भरली नाही की व्हिनेगरचे जिवाणू जोर धरतात. झाकण लावून वसंतापर्यंत विसरून जायचं, हा समज पर्यटकांसाठी ठीक आहे. जाणकार मधून मधून उघडून पातळी पाहतात आणि भर घालतात. आता काही जण काचेचं झाकण वापरतात, त्यातून न उघडताच पातळी दिसते.

दुसरा दोष जास्त लबाड आहे. वाईन नाकाला ठीक लागते आणि गिळल्यानंतर काही सेकंदांनी तोंडात उंदरांच्या पिंजऱ्यासारखी चव पसरते. याचं कारण काही लॅक्टिक जिवाणू आणि ब्रेटानोमायसीस नावाचं यीस्ट. आम्ल कमी असेल, वाईन टिकवण्यासाठी घालतात ते गंधक अजिबात वापरलं नसेल आणि हवा लागली असेल, तर याचा धोका बराच वाढतो. तुरटपणा, चहाच्या पत्तीसारखी कोरड, वाळलेलं जर्दाळू, अक्रोड, मध यांचे गंध मात्र दोष नव्हेत. सालींवर सहा महिने राहिलेल्या वाईनमध्ये ते असायलाच हवेत.

प्रश्न : जमिनीत पुरलेलं भांडं बाहेर काढता येत नाही. मग धुतात कसं?

चांगल्या आणि वाईट क्वेव्री वाईनमधला फरक बहुतेक वेळा इथेच पडतो. मातीच्या गुणांबद्दल बोलतात सगळे, धुण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

चोथा काढल्यावर पहिलं धुणं लगेच, त्याच दिवशी. गाळ वाळला की छिद्रांत चिकटतो. लांब दांड्याच्या टोकाला चेरीच्या सालीचे तुकडे थरावर थर बांधून केलेला ब्रश असतो. त्याने काठापासून तळापर्यंत घासत जातात. चुन्याचं पाणी किंवा लाकडाच्या राखेचं पाणी वापरतात, दोन्ही अल्कधर्मी असल्यामुळे आम्ल मारतात. साबण कधीच नाही, त्याचा वास भिंतीत राहतो. घाण पाणी ओर्शिमोने, म्हणजे लांब दांड्याला बसवलेल्या भोपळ्याच्या डावाने, उपसतात. शेवटचं पाणी दिसायला नितळ झालं तरी पुरत नाही. ते चाखून त्यात आंबट किंवा चुन्याची चव नाही ना, हे पाहायचं.

मग गंधकाची वात आत पेटवून तोंड झाकतात. जळताना वितळलेल्या गंधकाचा थेंब तळाला पडला आणि तसाच राहिला, तर पुढच्या हंगामात यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतं आणि वाईनला सडक्या अंड्याचा वास लागतो. म्हणून वातीखाली छोटी वाटी टांगावी.

मोठ्या क्वेव्रीत माणूस उतरून घासतो आणि इथे जिवाला धोका असतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. जुनी पद्धत म्हणजे आधी पेटती मेणबत्ती सोडून पाहायची. विझली तर उतरायचं नाही, हे बरोबर. पण जळत राहिली म्हणून सुरक्षित, हे चूक. माणसाला गुंगी आणणाऱ्या प्रमाणातही मेणबत्ती जळू शकते. पंख्याने तळापर्यंत हवा खेळती करणं, वायुमापक वापरणं, आणि वर दोर धरून दुसरा माणूस उभा असणं, यांतलं एकही टाळू नये. शेजारची क्वेव्री आंबत असेल तर उतरूच नये.

प्रश्न : इमेरेतीतली वाईन फिकी का असते? तिथेही क्वेव्रीच असते ना?

असते, फक्त पश्चिम जॉर्जियात तिला चुरी म्हणतात. फरक चाचाच्या प्रमाणाचा. काखेतीत सगळा चाचा आत जातो, इमेरेतीत सालींचा साधारण दहावा हिस्सा, देठ नाहीत, आणि मुरण्याचा काळही बराच कमी. पश्चिमेकडची हवा काळ्या समुद्रामुळे दमट, त्यामुळे देठ पुरेसे पिकत नाहीत, आणि त्सोलिकोउरी, त्सित्स्का या तिथल्या जातींत आम्ल भरपूर. एवढ्या आम्लावर सहा महिन्यांचा तुरटपणा चढवला तर वाईन पिववणार नाही. पहिल्यांदाच क्वेव्री वाईन चाखणाऱ्याने सुरुवात इमेरेतीपासून करावी.

प्रश्न : सापेरावी इतकी गडद का? आणि किंदझ्मारौली ही वेगळी द्राक्षाची जात आहे का?

बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग फक्त सालीत असतो, गर पांढुरका. सापेरावीचा दाणा चिमटला तर रसही लालच निघतो. त्यामुळे रंगासाठी तिला सालींवर फार काळ मुरवावं लागत नाही, उलट आवर घालावा लागतो. क्वेव्रीत सापेरावी सालींवर सहसा दोन ते चार आठवडेच ठेवतात. पांढऱ्या र्कात्सितेलीसारखी सहा महिने ठेवली तर टॅनिन, म्हणजे सालीतला तुरट घटक, जिभेला खरवडतं. तिच्यात आम्लही चढं असल्याने चांगली सापेरावी बाटलीत बरीच वर्षं टिकते.

किंदझ्मारौली ही जात नाही, क्वारेली भागातल्या ठरावीक क्षेत्राचं संरक्षित नाव आहे. द्राक्ष सापेरावीच, पण वाईन अर्धगोड. रस पूर्ण आंबू न देता, लिटरमागे ३० ते ५० ग्रॅम साखर शिल्लक असताना शून्याजवळ थंड करून यीस्ट गाळून टाकतात. हे काम पोलादी टाक्यांत होतं. गाळणी नीट झाली नाही आणि बाटली ऊबेत राहिली, तर आत पुन्हा आंबणं सुरू होऊन बूच वर येतं. राचा प्रांतातली ख्वांचकाराही अशीच अर्धगोड, पण ती अलेक्सांद्रौली आणि मुजुरेतुली या जातींची. मुकुझानी मात्र सापेरावीचीच कोरडी वाईन, ओकच्या पिंपात मुरवलेली. म्हणजे एकाच द्राक्षाच्या, पण पार वेगळ्या चवीच्या दोन बाटल्या. लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : जॉर्जियात पाचशेहून जास्त जाती आहेत म्हणतात. दुकानात मात्र दोनच नावं दिसतात.

नोंदलेल्या जाती पाचशेच्या वर आहेत, पण लागवड मूठभरांचीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या फिलॉक्सेरा किडीने मुळं खाल्ली, तेव्हा अमेरिकन खुंटावर कलम करूनच वेली वाचवता आल्या, आणि कलमं झाली ती आधी गरजेच्या जातींची. सोव्हिएत काळात टनावारी हिशेब होता. त्यात र्कात्सितेली आणि सापेरावी जास्त आणि भरवशाचं पीक देतात म्हणून टिकल्या. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या मद्यविरोधी मोहिमेत बागा उपटल्या गेल्या.

पुढचा फटका उलट पथ्यावर पडला. २००६ साली रशियाने जॉर्जियन वाईनवर बंदी घातली, ती २०१३ पर्यंत टिकली. हुकमी गिऱ्हाईक गेल्यावर इतर देशांत शिरकाव करायचा तर वेगळं काहीतरी हवं होतं. ते क्वेव्री आणि मागे पडलेल्या जातींत सापडलं. किसी आणि खिख्वी या काखेतीच्या जाती त्यातूनच पुन्हा लागल्या. चाखायची संधी मिळाली तर आधी किसी घ्या. तिला र्कात्सितेलीपेक्षा सुगंध जास्त आणि सालींवर ठेवूनही ती रुक्ष होत नाही.

प्रश्न : चुर्चखेला घरी करून पाहिली. पिठाची कच्ची चव राहिली आणि आठवड्यात बुरशी आली.

चुर्चखेला म्हणजे दोऱ्यात ओवलेले अक्रोड घट्ट केलेल्या द्राक्षरसात बुचकळून वाळवलेली मेणबत्तीसारखी कांडी. कच्ची चव येते ती रस आधी न आटवल्यामुळे. ताजा रस मंद आचेवर फेस काढत निदान एक तृतीयांश कमी होऊ द्या. मग पूर्ण गार करा. लिटरमागे १०० ते १२० ग्रॅम गव्हाचं पीठ थोड्या गार रसात गुठळी न राहता कालवून त्यात घाला आणि पुन्हा मंद आचेवर सतत ढवळा. पिठाचा वास जाऊन चकाकी आली आणि उलथन्यावरून जाड पडदा ओघळू लागला की झालं. याला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात.

बुरशीचं कारण ओलावा. अक्रोड भिजवले असतील तर ओवण्याआधी पुरते कोरडे करा. पहिला थर हाताला न चिकटण्याइतका सुकल्यावरच दुसऱ्यांदा बुडवा. कांड्या एकमेकींना न टेकता, वाऱ्यावर आणि उन्हात पाच ते सात दिवस टांगा. दमट हवा असेल तर हा बेत पुढे ढकला. मुरवलेल्या चुर्चखेलावर पांढरी पूड येते, ती द्राक्षाची साखर. पुसून चाखली तर गोड लागते. हिरवी किंवा लवदार असेल तर ती बुरशी, टाकून द्या.

प्रश्न : अंबरी वाईन फ्रिजमधून काढून लगेच प्यावी का?

नको. चार-पाच अंशांवर तुरटपणा टोचतो आणि वास मिटून जातो. १४ अंशांच्या आसपास, म्हणजे फ्रिजमधून काढून निदान अर्धा तास थांबून, मोठ्या तोंडाच्या ग्लासात घ्या. तळाशी थोडा गाळ असेल तर बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा. सोबत अक्रोडाच्या वाटणाचे पदार्थ, वांगी, लसूण, जुनं चीज असं काही स्निग्ध हवं. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज टिकते, आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगली लागते.